एकतीस नंबरची तहान

२१ सप्टेंबर १९९५

आज सगळ्या दिल्लीत गणपती दूध पितोय. शेजारच्या मिसेस चड्ढा सकाळीच चमचा हातात घेऊन दारात उभ्या. "आप तो साइंटिस्ट हो, आप बताओ." मी सांगितलं, द्रवाला पृष्ठताण असतो, चमचा सोंडेला टेकला की दूध दगडावरून पातळ थरानं खाली उतरतं, मूर्तीच्या पायाशी हात लावून बघा, ओलं लागेल. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वो तो ठीक है, पर पी तो रहा है ना?" आमच्या घरात गणपती नाही, तरी माझ्या लेकीला, कृतिकाला, बघायला जायचंच होतं. पाठवलं.

ऑफिस अर्धं रिकामं होतं. त्यातच हेडनी बोलावलं. दिनकर सरांची कोरडवाहू गव्हाची चाचणी या हंगामात मी चालवायची. "मेश्राम, यू नो हिज मटीरियल बेस्ट," म्हणाले. ते खरंच आहे. दिनकर आगटे सरांच्या हाताखाली माझी सगळी नोकरी गेली. ते गेले त्याला महिना झाला. मूत्रपिंडं निकामी झाली होती. शेवटी पाणीसुद्धा मोजून द्यायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी हॉस्पिटलात भेटायला जायची तेव्हा ते गव्हाबद्दल बोलायचे आणि नजर शेजारच्या पेशंटच्या पाण्याच्या जगवर असायची.

चाचणीत त्यांचा लाडका एकच, एकतीस नंबर. जुन्या काळचा एक उंच गहू आणि आजचा बुटका गहू यांच्या संकरातून निवडत निवडत आणलेला. दोन हंगामांचे आकडे बरे आहेत. तिसरा चांगला आला तर तो देशभरच्या चाचण्यांत जाईल. मग नाव होईल. वाणाचं, आणि आता सर नाहीत, म्हणजे माझंही. हा विचार हेडच्या केबिनमध्येच मनात आला. लाज वाटली, पण आला.

आणि हा हंगाम चुकला तर पुढचा नाही. गुडगावच्या अलीकडचं आमचं शेत उन्हाळ्यात नव्या सेक्टरच्या रस्त्यात जाणार आहे.

२४ ऑक्टोबर

काल दिवाळी, आज सूर्यग्रहण. सुट्टी असून शेतावर गेले, नांगरट बघायची होती. चौकीदार श्यामसिंग खोलीची कडी लावून आत बसला होता. हाक मारली तर आतूनच, "मॅडमजी, अभी नहीं."

शेताच्या कडेला दोन क्वार्टर्स आहेत. एकात सर राहायचे. त्यांच्या पत्नी अरुणाताईंना उन्हाळ्यापर्यंत राहायची परवानगी मिळाली आहे. त्या अंगणात उभ्या होत्या, हातात एक्सरेची फिल्म. "ये, यातून दिसतं," म्हणाल्या. यातून बघू नये, डोळ्यांना धोका असतो, हे मला सांगायचं होतं. पण फिल्म सरांच्या छातीची होती. मी घेतली आणि क्षणभर बघितलं. बरगड्यांमागे सूर्याची कोर. उजेड पितळेसारखा झाला, पोपट ओरडत बाभळीकडे परतले.

"त्याला दिसलं असतं तर केवढं बोलला असता," त्या म्हणाल्या. घरात त्या सरांना एकेरीच म्हणायच्या.

८ नोव्हेंबर

पेरणी झाली. चाळीस वाणं, प्रत्येक वाण तीन ठिकाणी, शेताच्या तीन गटांत चिठ्ठ्या टाकून मांडलेलं. म्हणजे जमिनीचा एखादा कोपरा चांगला असला तरी एकाच वाणाला त्याचा फायदा मिळू नये. पेरणीआधीच्या ओलाव्यावर उगवायचं, नंतर कापणीपर्यंत एक थेंब पाणी नाही. पलीकडे हीच वाणं पाणी देऊनही वाढवतोय, तुलनेला.

अरुणाताई बांधावर खुर्ची टाकून बसल्या होत्या. दुपारी विचारलं, "यातला त्याचा कुठला?"

मी तिन्ही गटांत नेऊन एकतीस नंबरच्या पाट्या दाखवल्या. पाट्या सरांच्याच हातच्या, गेल्या वर्षीच्या. त्यांनी प्रत्येक पाटीवर बोट फिरवलं.

"पाणी न मिळता जगायचं, हे त्याच्या रक्तात असतं का गं?"

मी सांगू लागले, की तसा एकच गुण नसतो. मूळ किती खोल जातं, पान किती लवकर मिटतं, खोडात साठवलेली साखर शेवटी दाण्याला किती पोचते, असे शंभर छोटे छोटे गुण, आईबापांकडून विखरून आलेले. कुठला कुणाकडून आला ते कळत नाही. म्हणून तर वर्षानुवर्षं तहानेलं ठेवून बघावं लागतं. जो टिकतो त्याचं बी ठेवायचं.

"आणि जे टिकत नाहीत?"

"ते टाकून द्यायचे."

त्या पुन्हा एकतीस नंबरच्या पाटीकडे वळल्या. मी फार शिकवत बसते, हे माझा नवरा इंद्रजितही म्हणतो.

३ डिसेंबर

रविवार. इंद्रजितनं सँपल फ्लॅट बघायला नेलं. आमच्या शेतापासून हाकेच्या अंतरावर. जिथे चार वर्षांपूर्वी मोहरी होती तिथे बारा मजले उभे आहेत आणि फलकावर निळं पाणी, पोहणारी गोरी बाई. "चोवीस तास पाणी, पॉवर बॅकअप," एजंट सांगत होता. इंद्रजितला नव्या परदेशी कंपनीत घेतल्यापासून तो अशा गोष्टींकडे वेगळ्या डोळ्यांनी बघतो. "चेतना, सरकारी क्वार्टरमध्ये किती दिवस यार?" कृतिकाला लिफ्ट आवडली.

गॅलरीतून आमचे वाफे दिसत होते. एवढ्या उंचावरून गव्हाचा गालिचा वाटतो. मी एकतीस नंबर शोधत राहिले, एजंटचं ऐकलंच नाही.

१९ डिसेंबर

धुकं. सकाळी शेतावर पोचले तेव्हा स्वतःचा हात दिसत नव्हता. श्यामसिंग गेटशीच उभा. रात्रपाळी सोडून दिवसपाळी द्या म्हणतो. का? त्यानं धुक्यात शेताकडे बोट केलं. मग, "साहब आते हैं."

"कौन साहब?"

"अपने साहब. तड़के. वही मफलर, वही लाल स्वेटर. झुकके गेहूं देखते हैं. कभी मेंड़ पे बैठे रहते हैं."

पहाटे, बांधावर साहेब? मी त्याला रागावले. दारू पितोस का, असंही विचारलं, ते विचारायला नको होतं. तो दुखावला.

मग क्वार्टरवर चहाला गेले. अरुणाताई सरांचा लाल स्वेटर घालून बसल्या होत्या. म्हणाल्या, कपाट उघडलं की त्याचा वास येतो, म्हणून घालते, नाहीतर वास नुसता कपाटात विरून जाईल.  श्यामसिंगचं त्यांना सांगितलं नाही. उगाच घाबरतील.

५ जानेवारी १९९६

पाऊस नाही. आमच्या शेतावर तरी नाही. कोरड्या गटांतली वाणं आता फरक दाखवायला लागली. बहुतेकांची पानं दुपारी सुरळी होतात, खालची पिवळी. एकतीस नंबर तिन्ही गटांत सरळ उभा. पान रुंद, फुटवे जास्त. एका गटात असं झालं असतं तर म्हटलं असतं जमीन चांगली असेल. पण तिन्हीकडे!

दुपारी पानांचं तापमान मोजलं. पिस्तुलासारखं यंत्र असतं, दुरून धरायचं. बाकीच्यांपेक्षा एकतीस नंबर चांगलाच थंड. झाड थंड म्हणजे ते घाम गाळतंय, म्हणजे त्याला पाणी मिळतंय. कुठून? मुळं. खोल गेलेली मुळं. सर नेहमी म्हणायचे, त्या जुन्या उंच गव्हाचं खरं धन जमिनीखाली होतं, बुटका करताना आपण ते विसरलो.

घरी येताना गाडीत एकटीच हसत होते.

एक गोष्ट कळली नाही. एकतीस नंबरच्या दोन्ही बाजूंना जी वाणं आहेत, त्यांची लगतची ओळही जरा हिरवी आहे. कडेच्या ओळींना ऊन-वारा वेगळा मिळतो, त्यामुळे असेल.

१४ जानेवारी

इथल्या मराठी मंडळाची बस पानिपतला गेली होती. दर वर्षी जाते म्हणे, मी पहिल्यांदाच. अरुणाताईंना बाहेर काढावं म्हणून गेले. वाटेत ट्रक उलटलेले, धुक्यात दिवे लावून रांगणाऱ्या गाड्या. कृतिका विचारत होती, "आई, 'संक्रांत कोसळली' मतलब?" तिला संक्रांत म्हणजे तिळाच्या वड्या एवढंच ठाऊक.

काला अंब. जिथे आंब्याचं झाड रक्तानं काळं पडलं म्हणतात, तिथे आता स्तंभ आहे, बाग आहे. धुक्यातून माणसं निघायची आणि धुक्यातच जायची. मंडळाचे उल्हास पेठे शाळेत इतिहास शिकवतात, ते सांगत होते. रसद तुटलेली, फौज उपाशी, जनावरं मेलेली. शेवटच्या दिवशी दुपार कलली तशी तहानेनं घोडी आणि माणसं दोन्ही बसायला लागली.

"पाणी नव्हतं का जवळ?" अरुणाताईंनी विचारलं.

"यमुना होती की. पण पोचू कोण देणार?"

"म्हणजे पाणी होतं."

"होतं, पण..."

"पाणी दिसत होतं आणि मिळत नव्हतं," त्या म्हणाल्या.  मग त्यांनी पिशवीतली प्यायच्या पाण्याची बाटली काढली आणि स्तंभाच्या पायाशी सगळी ओतली. बायका म्हणाल्या, छान केलंत, अर्घ्य दिलंत. परतताना त्या पूर्ण वाटभर डोळे मिटून होत्या. मला वाटलं दमल्या.

२ फेब्रुवारी

हेड स्वतः शेतावर आले. एकतीस नंबरसमोर बराच वेळ उभे राहिले. "दिस इज समथिंग, मेश्राम." नवा मोठा प्रकल्प येतोय, परदेशी पैशाचा, दुष्काळ सोसणाऱ्या वाणांच्या जनुकांचा नकाशा काढायचा. त्यांनी सरळ सांगितलं, या हंगामाचे आकडे असेच राहिले तर तो तुमच्याकडे.

अरुणाताईंना जाऊन सांगितलं. त्यांनी साखर हातावर ठेवली. त्यांच्या तळव्याला कापडाची पट्टी बांधलेली. "काय झालं?" तर म्हणाल्या, बागेला पाणी घालताना झारीचा दांडा रुतला. पाठही धरलीय. मी म्हटलं, माणूस लावा की. तर हसल्या. "दोन तुळशी आणि एक गुलाब, त्याला माणूस?"

त्यांच्या टाकीचं पाणी सारखं संपतं अशी श्यामसिंगची तक्रार होती, तेही विचारायचं राहिलं. प्लंबरला सांगायला हवं, गळत असेल.

१५ फेब्रुवारी

ओंब्या निघाल्या. मी रोज एकतीस नंबरजवळ जाते आणि सरांशी बोलते. मोठ्यानं नाही. आज बोलताना मागे कुणीतरी उभं आहे असं इतकं स्पष्ट वाटलं, की वळले. कुणी नव्हतं. वाफ्यात मात्र मातीवर चपलेचा ठसा होता, ताजा. आमची माणसं तिथे चप्पल घालून जात नाहीत. श्यामसिंगला विचारलं. तो माझ्याकडे नुसता बघत राहिला, जसं मी त्याच्याकडे डिसेंबरात बघितलं होतं.

ठसा ओल्या मातीत उमटतो. कोरड्या गटात ओली माती कुठली? दव असेल. एवढं दव?

हे लिहिताना विचार जिथे जातोय, तिथे मला त्याला जाऊ द्यायचं नाहीये.

२३ फेब्रुवारी

गिरमिट चालवलं. लांब लोखंडी गिरमिटानं मातीचे थर बाहेर काढायचे, तोलायचे, भट्टीत वाळवायचे, पुन्हा तोलायचे. हे मी पंधरा दिवसांपूर्वीच करायला हवं होतं. नियोजनात होतं. टाळत होते.

आकडे असे. बाकीच्या वाणांखाली वरची माती भाकरीसारखी कोरडी, आणि खालचा ओलावाही त्यांनी बऱ्यापैकी ओढून घेतलाय. एकतीस नंबरखाली उलटं. खालची ओल जशीच्या तशी. मुळं खोल गेली असती तर ती सगळ्यात आधी संपली असती.

एकतीस नंबरनं खालचं पाणी प्यायलंच नाही. मग पितो कुठलं?

रात्री ताटावरून उठले. इंद्रजितला म्हटलं डोकं दुखतंय.

२७ फेब्रुवारी

आज उजाडायच्या वेळेला शेतावर होते. घरी सांगितलं, माती थंड असताना नमुने घ्यायचेत. धुकं फार नव्हतं, जमिनीलगत गुडघाभर होतं एवढंच. मी पंपाच्या खोलीशी उभी राहिले. बाभळीखालून एक आकृती निघाली. लाल स्वेटर. मफलर डोक्यावरून कानांवर, सर बांधायचे तसाच. किंचित वाकून चालणं, तेही तेच.

मी शास्त्रज्ञ आहे. आणि तरीही "सर" असा शब्द तोंडातून निघाला, तो मी स्वतः ऐकला.

आकृती तिसऱ्या गटाकडे गेली, खाली वाकली. मग पाण्याचा आवाज आला. झारीतून पडणाऱ्या पाण्याचा, बारीक, सरसर.

जवळ गेले तरी अरुणाताई दचकल्या नाहीत. झारी संपेपर्यंत त्यांनी ओतलं. धार ओळीच्या मुळाशी, एक पान भिजू न देता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तू पाट्या दाखवल्यास ना, त्यानंतर. थंडी पडली तेव्हापासून."

"ताई, ही चाचणीच पाणी न देण्याची होती."

"माहितीय की. तीस वर्षं गव्हाच्या माणसाशी संसार केला मी." त्यांनी झारी खाली ठेवली. "त्यानं शेवटच्या दिवशी माझा हात धरला होता, चेतना. पाणी दे म्हणाला. नाव घेऊन म्हणाला. मी म्हटलं, डॉक्टर नाही म्हणालेत. ओला कापूस ओठांना लावला. तो कापूस चोखत होता. मी तो काढून घेतला, जास्त होईल म्हणून. दुपारी गेला. दोन वाट्या जास्त दिल्या असत्या तर काय, दुपारच्या ऐवजी सकाळी गेला असता? एवढंच ना?"

 मी मूर्खासारखं म्हटलं, "श्यामसिंगला वाटलं सर येतात. बांधावर बसतात म्हणाला."

"मी कधीच बसले नाही," त्या म्हणाल्या. "माझे गुडघे असे, की बसले तर उठता येत नाही."

दोघी बांधाकडे बघत राहिलो. बांधावर गवत होतं. नंतर त्यांनी झारी उचलली आणि घरी गेल्या. मी मागून गेले नाही.

२८ फेब्रुवारी

एकतीस नंबरची दोन झाडं मातीसकट उपटून धुतली. मुळं वरच्या वीतभर मातीत जाळीसारखी पसरलेली, पांढरी, आळशी. खाली जायची त्यांना गरजच पडली नाही. कुणीतरी रोज आणून दिलं.

सुंदर दिसत होती, हेही लिहून ठेवते.

१ मार्च

गप्प बसले तर? गिरमिटाचे आकडे माझ्याकडेच आहेत. तिसरा हंगाम उत्तम. प्रकल्प माझा. शेत तर जाणारच आहे, पुन्हा कोण तपासतंय? सरांचं आयुष्यभराचं काम कागदावर तरी उभं राहील, अरुणाताईंना त्यात समाधान.

आणि मग कुठल्यातरी कोरड्या गावातला कुणीतरी माणूस माझ्या शब्दावर एकतीस नंबर पेरेल आणि पावसाच्या वाटेकडे बघत बसेल. त्याच्या शेतात लाल स्वेटर घालून कोण येणार आहे?

इंद्रजितला सगळं सांगितलं. त्यानं ते शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "आगटे सरांनी काय केलं असतं ते नको सांगूस. तुला झोप कशानं येईल ते बघ." फ्लॅटचा विषय त्यानं काढला नाही. मी त्याला कधीकधी कमी लेखते.

४ मार्च

हेडना सांगितलं. कोरड्या गटांत पाणी गेलंय, चाचणी रद्द करावी लागेल.

"किसने दिया पानी?"

"देखरेख माझी होती, सर. चूक माझी."

"मेश्राम, आर यू शुअर? कुछ लीकेज होगा, एक-दो प्लॉट निकाल देते हैं." त्यांना खरंच मला वाचवायचं होतं. मी नाही म्हटलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. संध्याकाळपर्यंत कळलं, प्रकल्प दुसऱ्याकडे जाणार. कॉरिडॉरमध्ये दोघांनी माझी नजर चुकवली. एकजण म्हणाला, बाईमाणसाला शेतावरची कामं अवघडच. मी तशीच पुढे गेले.

६ मार्च

रद्द झालेल्या चाचणीला पाणी द्यायला कुणाची हरकत असणार?

सकाळी अरुणाताईंच्या दारात गेले. त्यांना वाटलं मी क्वार्टर सोडायला सांगायला आलेय, सामान बांधायला घेतलं होतं. म्हटलं, चला. ट्यूबवेल सुरू केली. श्यामसिंगनं फावड्यानं पाटाची तोंडं उघडली. चाळीसच्या चाळीस वाणं, तिन्ही गट. ज्यांनी नोव्हेंबरपासून थेंब बघितला नव्हता ती सगळी.

कोरड्या भेगांत पाणी शिरतं तेव्हा आवाज येतो. आधी बुडबुडे, मग घोट घेतल्यासारखा. सगळ्या शेतातून तो आवाज येत होता. अरुणाताई अनवाणी पाटात उभ्या राहिल्या, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. रडत होत्या की काय ते मी बघितलं नाही. श्यामसिंगनं बांधाकडे तोंड करून हात जोडले. मीही तिकडे बघितलं, आणि यावेळी काही नव्हतं हे मला छातीठोकपणे लिहिता येत नाही. ऊन वर आलं होतं, पाण्याची चमक डोळ्यांत होती.

पाण्याचा फायदा फार होणार नव्हता, उशीर झाला होता. पण संध्याकाळपर्यंत पानांच्या सुरळ्या उलगडल्या.

१४ एप्रिल

आज जयंती. इंद्रजित कृतिकाला घेऊन संसद मार्गावर गेला. मी पुतळ्याला हार घालून नंतर शेतावर आले, कापणी थांबवता येत नव्हती. पलीकडे पिवळ्या रंगाची यंत्रं येऊन उभी आहेत.

एकतीस नंबरचं बी वेगळं ठेवलं. पाणी मिळालं म्हणून दाण्याच्या आतलं बदलत नाही. जे आईबापांकडून आलं ते तसंच आहे, चांगलं असो की वाईट. आकडे खोटे ठरले, बी खोटं नाही. ते खरंच तहान सोसणारं आहे का, ते आज मला माहीत नाही. सरांनाही पुरतं माहीत नव्हतं, त्यांना फक्त आशा होती.

२ मे

अरुणाताई पुण्याला गेल्या, मुलाकडे, मानसकडे. निजामुद्दीनला सोडायला गेले. स्वेटर त्यांनी ट्रंकेत भरलाय म्हणाल्या, पुण्यात घालायची वेळ येणार नाही. डब्यात बसल्यावर खिडकीच्या गजांतून त्यांनी माझं मनगट धरलं. पकड चांगलीच घट्ट होती.

"बी ठेवलंयस ना त्याचं?"

"ठेवलंय."

"पुन्हा पेरणार?"

"नोव्हेंबरात. दुसरी जमीन बघितलीय. लहान तुकडा आहे, पण चालेल."

"आणि पुन्हा तहानेलं ठेवणार."

"हो, ताई. नाहीतर कळणार कसं?"

गाडी हलली. त्यांनी हात सोडला नाही, मी चालत राहिले.

"मग कुठे पेरतेस ते मला सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "मी विचारलं तरी सांगू नकोस."

१० नोव्हेंबर

पेरणी झाली. पाट्या नव्या केल्या, माझ्या अक्षरात. कुठे, ते इथेही लिहीत नाही.